सासऱ्यांची पेनी आणि शनिवारची सोडत

निर्णय घ्यावा तर वेंडलनेच, असं आमच्या जिल्ह्यात सगळे म्हणतात. निदान मी तरी म्हणतो! बत्तीस वर्षं मी रस्तेखात्यात काढली. विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात कमरेएवढा बर्फ पडला की कुठला रस्ता आधी मोकळा करायचा, हे मी ठरवत असे. दवाखान्याचा की दूधवाल्यांचा? पाच सेकंद! शाळेचा की चर्चचा? तीन सेकंद! त्यामुळे सासऱ्यांच्या नाण्यांचं काय करायचं हा प्रश्न घरात आला, तेव्हा मी आरामखुर्चीत मागे रेललो आणि मनाशी म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे.

चार महिने लागले! आणि शेवटी निर्णय मी घेतलाच नाही.

माझे सासरे ओर्विन टेश ऑक्टोबरात गेले. वय वर्षं ब्याण्णव. आदल्या दिवशी अंगणातली वाळलेली पानं त्यांनी स्वतः गोळा केली होती. चाळीस वर्षं ते गावच्या पशुखाद्याच्या गिरणीत गल्ल्यावर बसले. गल्ल्यात एखादं वेगळं नाणं आलं की आपल्या खिशातलं तेवढ्याच किमतीचं नाणं आत टाकायचं आणि ते घरी न्यायचं, हा त्यांचा एकुलता एक छंद. अशी एकशे बारा नाणी जमली. प्रत्येक नाणं पुठ्ठ्याच्या दुमडलेल्या चौकोनात, मधे पारदर्शक खिडकी, चारी कडांना स्टेपलरच्या पिना. ही सगळी दौलत त्यांच्या एकुलत्या एका मुलीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, मार्लिसकडे आली.

पुठ्ठ्यावर बाहेरून पेन्सिलीने साल लिहिलेलं आणि खाली नाण्याची प्रत. सासऱ्यांकडे प्रती तीनच होत्या. ‘झिजलं’, ‘ठीक’ आणि ‘वाईट नाही’. आमच्याकडे ‘वाईट नाही’ म्हणजे कौतुकाची हद्द झाली! माझ्या लग्नातल्या भाषणातसुद्धा सासरे माझ्याबद्दल ‘ठीक’च्या पुढे गेले नव्हते.

फक्त एका पुठ्ठ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. आत होती १९०९ सालची पेनी. लिंकनची छबी, खाली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचं एस अक्षर, मागच्या बाजूला तीन बारीक अक्षरं. मी कॉम्प्युटरवर बघितलं आणि उडालोच! ज्या नाण्यासाठी लोक आयुष्यभर झुरतात, ते हेच! सासऱ्यांना हे कुठे सापडलं देव जाणे. आणि वर काही लिहिलं का नाही, तेही मला लगेच कळलं. बिचाऱ्यांना शब्दच सुचले नसणार!

मी शहरातल्या नाण्यांच्या दुकानदाराला, लायलला, फोन लावला.

“लायल, १९०९ ची आहे! एस सुद्धा आहे!”

“मी नाणं बघितल्याशिवाय बोलत नाही,” लायल म्हणाला. “ग्रेडिंगला पाठव. तिथे तज्ज्ञ भिंगाखाली बघतात, सत्तरपैकी मार्क देतात आणि कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. मग कोणी शंका घेत नाही.”

“मग सगळीच पाठवतो! एकशे बारा!”

“वेडा आहेस का? एका नाण्याच्या फीमध्ये तुझी बाकीची शंभर येतील. ती एक पाठव. आणि वेंडल, इतक्यात नवी बोट बघू नकोस.”

बोट मी आधीच बघितली होती. निळी.

पण मार्लिस काही ऐकेना. “बाबांना जाऊन चार महिने होतायत. त्यांच्या अक्षरातलं माझ्याकडे एवढंच उरलंय. वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा ते फक्त ‘ओर्विन’ अशी सही करायचे. वसंतात बर्फ वितळला की मी शांतपणे एकेक नाणं बघेन, मग ठरवू. तोवर कोणी हात लावायचा नाही.”

“कोणी म्हणजे?”

“वेंडल, या घरात आपण दोघंच आहोत.”

मी वचन दिलं. उजवा हात वर करून दिलं!

आता वचन मोडायचा माझा अजिबात विचार नव्हता. पण फेब्रुवारीत ग्रेडिंगचा फॉर्म आला. त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं, नाणी पिना मारलेल्या पुठ्ठ्यात चालणार नाहीत, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात घालावीत. मी विचार केला, पाठवायचं नाही असं ठरलंय. तयारी करायची नाही असं कुठे ठरलंय? आणि एक काढायचं तर सगळीच काढावीत, वसंतात मार्लिसचा त्रास वाचेल! नवऱ्याने बायकोचा एवढा तरी विचार करायला हवा.

शनिवारी सकाळी मार्लिस चर्चमध्ये बायकांबरोबर गोधड्या शिवायला गेली. मी टीव्हीवर मासेमारीचा कार्यक्रम लावला आणि पिना उपसायला बसलो. नाणी पाकिटात घालून आइस्क्रीमच्या एका रिकाम्या बादलीत, पुठ्ठे दुसऱ्या बादलीत. आइस्क्रीमची बादली आमच्या भागात कोणी टाकत नाही. पाच लिटर व्हॅनिला संपलं की त्यात बटाट्याचं सॅलड, खिळे, लोकर, कुत्र्याचं खाणं, काय वाटेल ते राहतं. आमच्या घरात अशा तीसेक आहेत. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांची झाकणं निळी.

पुठ्ठा उघडला की आतल्या बाजूला पेन्सिलीने मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी खरडलेलं दिसे. पण चष्मा राहिला होता गाडीत, आणि बाहेर शून्याखाली वीस. मी म्हटलं, असेल तेव्हाचा भाव. पन्नास वर्षांपूर्वीचा भाव घेऊन काय करायचंय!

एकशे बारावं नाणं पाकिटात गेलं, दोन्ही बादल्या झाकणं लावून स्वयंपाकघरात नेऊन ठेवल्या आणि दारावर थाप पडली. अर्डिस! गावातला बार हिचा, आणि दर महिन्याला तिथे अग्निशमन दलाच्या मदतीसाठी मांसाची सोडत निघते, म्हणजे आपल्या पाटीवरचा नंबर निघाला की बक्षीस मांसाचं, ती हीच चालवते. माणूस सत्तर वर्षांचा, आवाज सायरनचा.

“मार्लिसने चिठ्ठ्या कापून ठेवल्यात म्हणाली, नंबर घातलेल्या. आइस्क्रीमच्या बादलीत. दे पटकन, दोनला सोडत आहे, गाडी चालू ठेवून आलेय!”

मी स्वयंपाकघरात आलो. ओट्यावर तीन बादल्या. मी काही मूर्ख नाही! मी एकेक उचलून बघितली. एक जड, ती नाण्यांची. दोन हलक्या. एकीत चिठ्ठ्या, एकीत पुठ्ठे. झाकण उघडून बघायला दोन सेकंद लागले असते. पण बत्तीस वर्षं निर्णय घेतलेला माणूस झाकणं उघडत बसत नाही! डावीकडची उचलली आणि अर्डिसच्या हातात दिली.

मग उजवीकडची उचलली, मागच्या अंगणात कचरा जाळायच्या पिंपात उलटी केली आणि काडी लावली. म्हटलं, पुरावा नको. मार्लिस विचारेल तेव्हा सांगू, जुने पुठ्ठे कुजले होते. ज्वाळा उठली, हात शेकत उभा राहिलो. तेवढ्यात एक अर्धवट जळालेला कागद वर उडाला आणि माझ्या टोपीवर येऊन बसला. काढून बघितला. त्यावर मार्लिसच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, ४७.

मी पिंपात डोकावलो!

म्हणजे जळतायत त्या चिठ्ठ्या. म्हणजे पुठ्ठे अर्डिसकडे. म्हणजे गोधड्या झाल्या की मार्लिस तिथूनच सोडतीला जाणार, दर महिन्याला जाते तशी, आणि तिच्यासमोर तिच्या बाबांचे उघडलेले पुठ्ठे निघणार! घड्याळात दोनला दहा कमी. मी तसाच घरातल्या लोकरी सपाता घालून गाडीत बसलो.

बार खचाखच भरलेला. टेबलावर हॅम, बेकन, सॉसेजच्या माळा ओळीने मांडलेल्या. मार्लिस पहिल्या रांगेत, हातात नंबराची पाटी. अर्डिस माइकपाशी, काखेत बादली. मी कोटांच्या खुंट्यांमागून वाट काढत तिच्यापर्यंत पोचलो आणि कुजबुजलो, “अर्डिस, बादली दे. उघडू नकोस. काय हवं ते देतो.”

अर्डिस माइकमध्ये बोलली. तिला दुसरीकडे बोलताच येत नाही. “ऐका हो! वेंडल मला लाच देतोय! मागच्या महिन्यात हॅम हुकलं ते अजून विसरला नाही!”

सगळा बार हसला. मार्लिसने मान वळवली. “वेंडल? तू सपाता घालून का आलायस?”

“सहज!”

“मागे जाऊन उभा राहा,” अर्डिसने फर्मान काढलं. मी गेलो. दुसरं करणार काय!

लबाडी नको म्हणून अर्डिस नेहमी छताकडे बघत चिठ्ठी काढते. तिने हात घातला, एक पुठ्ठा बाहेर काढला, साखळीतला चष्मा नाकावर चढवला. “पहिलं बक्षीस, बेकन! नंबर... एकोणीसशे त्रेचाळीस. झिजलं.” ती थांबली. “कोण झिजलंय?”

सगळ्यांनी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एल्रॉयकडे बोट दाखवलं.

“आत काहीतरी लिहिलंय,” अर्डिस म्हणाली आणि माझं काही चालायच्या आत तिने ते माइकवर वाचलं. “‘युद्धकाळातली पोलादी पेनी. एल्रॉयने कोंबड्यांच्या दाण्याला दिली. ही चालत नाही वाटतं, असं म्हणत लाजला. नवीन लग्न झालंय, हात तंग आहे. चालते म्हटलं. दोन पौंड दाणे जास्त तोलले. त्याला कळलेलं नाही.’”

मग एल्रॉय हळूच म्हणाला, “मला वाटायचं, गिरणीचा काटाच बिघडलाय. मी वर्षभर दुसरीकडे गेलोच नाही!”

“बेकन एल्रॉयचं!” कोणीतरी ओरडलं. पाट्या आपटल्या. बेकन एल्रॉयच्या मांडीवर गेलं.

मला हे अक्षर, ही गिरणी, हे सगळं आता कळलं होतं. मार्लिसला तर पहिल्या ओळीलाच कळलं होतं. तिने पाटी खाली ठेवली होती आणि ती अजिबात हलत नव्हती. माझ्याकडे बघतही नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

अर्डिसने दुसरा पुठ्ठा काढला. “एकोणीसशे चौसष्ट, दहा सेंट, ठीक. ‘अर्डिस, वय नऊ’...” सायरन बंद पडला. पुठ्ठा नाकाजवळ नेऊन तिने पुढे वाचलं. “‘पडलेला दात उशीखाली ठेवून मिळालेलं नाणं घेऊन आली. सशाला सूर्यफुलाच्या बिया हव्यात म्हणाली. घरात ससा नाही हे मला माहीत आहे. घरात काय चाललंय तेही माहीत आहे. मोठी पिशवी भरून दिली, ससा मोठा असेल म्हटलं.’”

अर्डिसने चष्मा काढला. पुसला. परत घातला. “ससा नव्हताच,” ती सगळ्या गावाला म्हणाली. “मी आणि भावाने खाल्ल्या. आठवडाभर त्याच खाल्ल्या.”

हॅम अर्डिसला मिळालं. अग्निशमन दलाच्या प्रमुखाने स्वतः उठून दिलं.

तिसरा पुठ्ठा. अर्डिसचा आवाज आता अगदी साधा झाला होता. “एकोणीसशे एकोणसाठ, पेनी, वाईट नाही. ‘मुलगी झाली त्या दिवशी गल्ल्यात आलेलं पहिलं नाणं. मार्लिस नाव ठेवलं. दवाखान्यात सात पौंड दोन औंस सांगितलं. घरी आणताना गिरणीच्या काट्यावर पुन्हा वजन केलं. बरोबर निघालं.’”

बार असा हसला की खिडक्या थरथरल्या. मार्लिस हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तेवढ्यात ती उठली, मागे वळली आणि मला खुंट्यांमध्ये अचूक शोधून काढलं.

“वेंडल. तू सगळी उघडलीस?”

“तयारी करत होतो फक्त.”

“मला वचन दिलं होतंस.”

“हो.”

“आणि हे पुठ्ठे?”

एवढ्या लोकांसमोर खोटं बोलायची सोय नव्हती. “जाळणार होतो,” मी म्हटलं. “पण चुकून तुझ्या चिठ्ठ्या जाळल्या.”

गावात माझ्याइतका भाग्यवान मूर्ख दुसरा नसेल. योग्य बादली उचलली असती तर एल्रॉयचे दाणे, अर्डिसचा ससा आणि मार्लिसचं वजन पिंपातून धूर होऊन गेलं असतं. एकशे बारा वेळा मी त्या अक्षरावरून बोट फिरवलं होतं आणि एकदाही वाचलं नव्हतं. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“अजून एक हातात आलंय,” अर्डिस म्हणाली. “याच्यावर बाहेरून काहीच नाही. कोरं आहे.”

मी दचकलो. पेनी! मार्लिस माझं काय करेल ते करेल, पण निदान गावाला कळू दे की सासऱ्यांकडे काय ऐवज होता! “वाच,” मी मागून म्हटलं. “ते वाच. ते सगळ्यात भारी आहे!”

अर्डिसने मनातल्या मनात पहिली ओळ वाचली आणि माझ्याकडे बघितलं. “नक्की वाचू?”

“मोठ्याने!”

“‘१९०९. नकली. एस मागाहून चिकटवलेला आहे, चिकटवणारा घाईत होता. वेंडलने आणली, मार्लिसला मागणी घालायला आला तेव्हा. जत्रेत साठ डॉलरला घेतली म्हणाला. अर्धा तास मला भिंगातून दाखवत होता. जेवायला थांबला, बटाटे तीनदा घेतले. मुलीला सांगायचं नाही. त्याला तर नाहीच नाही. ही कधी कोणाला तपासायला पाठवू नये. कोणी विचारलंच, तर खरी आहे म्हणावं.’”

कोणी हसलं नाही. खोटं कशाला सांगू, हसायला हवे होते. हसले असते तर मलाही हसता आलं असतं. मला तेव्हा लख्ख आठवलं. जत्रेतला तो मिशीवाला माणूस, तो मखमली डबा, आणि सासऱ्यांच्या स्वयंपाकघरातलं पिवळं टेबल. चव्वेचाळीस वर्षांत मी ते साफ विसरलो होतो, कारण त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढलाच नाही. त्या दिवशी त्यांनी भिंग घेतलं, बराच वेळ बघितलं, आणि एवढंच म्हणाले होते, “हं. अशी मी आजवर पाहिली नव्हती.”

एखाद्या माणसाचे आभार मानायची वेळ यावी आणि तो माणूसच नसावा! चव्वेचाळीस वर्षं त्यांनी माझी अब्रू एका पुठ्ठ्यात चार पिना मारून सांभाळली होती. मी खुंटीवरच्या कोणाच्या तरी कोटात तोंड खुपसलं. कोटाला तळलेल्या माशाचा वास येत होता. पण मी बराच वेळ तिथेच राहिलो.

मार्लिस आली आणि शेजारी उभी राहिली. मला वाटलं, आता पाठीवरून हात फिरवेल.

“साठ डॉलर?” ती म्हणाली. “त्या महिन्यात आपण एकदाही फिरायला गेलो नाही, तुझ्या फोर्डची बॅटरी गेली म्हणून!”

“बॅटरी चांगली होती,” मी कोटातून म्हटलं.

“आणि मी तुला दर शुक्रवारी घरून सँडविच आणून देत होते!” मग मात्र तिने हात फिरवला. जरा जोरातच.

पुढची सोडत अशीच झाली. ज्याचं नाव निघेल त्याला बक्षीस, असं अग्निशमन दलाने एकमताने ठरवलं. मांस संपलं तरी लोक हलेनात, म्हणून अर्डिसने लोणच्याच्या बाटल्या काढल्या. माझ्या वाट्याला यकृताचं सॉसेज आलं. ते दर महिन्याला उरतं. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात लांब टेबलं लावून निम्मं गाव पुठ्ठे आणि नाणी जुळवायला बसलं. एकाच सालच्या सात दहा सेंटच्या नाण्यांवरून, कुठलं कुणाच्या पुठ्ठ्यातलं म्हणून, दोन म्हाताऱ्यांचं भांडणही झालं. पिना मारायचं काम मार्लिसने माझ्याकडे दिलं. एकशे बारा गुणिले चार. एक पिन अंगठ्यात गेली, ती मी गुपचूप सोसली.

संध्याकाळी घरी आलो. मार्लिसने तो कोरा पुठ्ठा दिव्याखाली धरला होता आणि त्याच्या पारदर्शक खिडकीतून पेनी बघत होती. मला राहवेना. शेवटी मीही माणूस आहे!

“मार्लिस, एक विचारू? म्हणजे, बाबा काही तज्ज्ञ नव्हते. पशुखाद्याच्या गिरणीत होते. त्यांचीच चूक झाली असेल तर? एकदा नुसतं पाठवून बघितलं तर? पेनी खरीच निघाली तर?”

“खरी आहे,” मार्लिस म्हणाली.

“अगं, पण बाबांनी तर नकली...”

“तू विचारलंस ना? मग खरी आहे.” तिने पुठ्ठा नाण्यांच्या पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि माझ्यासमोर सुरी सरकवली. “आता बटाटे सोल. तीनदा घेतोस, तर जास्त सोल.”